मालकी म्हणजे वास्तव्य नव्हे

दिवाळी सरली, तुळशीचे लग्न लागले, वृंदावनाला बांधलेला ऊस आणि आवळ्या-चिंचेच्या डहाळ्या सुकू लागल्या, आणि गोव्याच्या खेड्यांतून पहाटेचे धुके ओहोळांच्या काठाकाठाने वर येऊ लागले. इंदूर-ग्वाल्हेरच्या कडाक्याच्या थंडीत वाढलेल्या वाचकांस आमची ही थंडी थट्टेचीच वाटेल; पण चार महिने पावसाने झोडपून काढलेल्या आम्हां लोकांस अंगावर घोंगडी ओढून घेण्याचे एवढे निमित्तही पुरते. भात कापून घरात आलेले असते, वायंगणासाठी शेते पुन्हा भिजू लागतात, देवळांतून काले आणि जत्रा सुरू होतात, नाटकाच्या तालमी रात्री उशिरापर्यंत ऐकू येतात. आणि याच सुमारास गावोगावची बंद घरे उघडू लागतात.

ती कोण उघडते, हे सर्वांस ठाऊक आहे. अठ्ठावन्न किंवा साठ वर्षे पूर्ण झालेला गृहस्थ मुंबईची, पुण्याची, वडोदऱ्याची नोकरी संपवून आपल्या आजोबांच्या घरी राहावयास येतो. ट्रकमधून कपाटे उतरतात, शीतकपाट उतरते, पुस्तकांची खोकी उतरतात आणि सर्वांच्या शेवटी आरामखुर्ची उतरते. ती वसरीत मांडली जाते. समोर कुळागर, कानांवर पाटाचे पाणी, हातात चहाचा पेला. पहिल्या आठवड्यात शहरातील मित्रांस छायाचित्रे धाडली जातात. दुसऱ्या आठवड्यात ‘खरे जीवन येथेच आहे’ असा निर्णय होतो. आणि तिसऱ्या आठवड्यात त्यावर लेख लिहिला जातो. आमच्यासारखी मासिके तो आनंदाने छापतात.

या सोहळ्यात विघ्न आणण्याची आमची इच्छा आहे. अशा गृहस्थांविषयी आमच्या मनात आकस मुळीच नाही. त्यांतले पुष्कळजण आमचे अशील आहेत, काही आप्त आहेत आणि एक दिवस आम्हीही त्यांच्याच रांगेत उभे राहणार आहोत. परंतु गेली वीस वर्षे वकिली करताना आम्ही जे पाहिले, त्यावरून आमचे स्पष्ट मत झाले आहे की, गावी परतण्याची ही जी कल्पना आपल्या सुशिक्षित वर्गाने उराशी धरली आहे ती मुळातच चुकलेली आहे. गाव म्हणजे थकलेल्या माणसाने हवापालटासाठी गाठावयाचे आरोग्यधाम, अशी ती कल्पना आहे. आमचे म्हणणे असे की, गावी परतणे ही विश्रांती नव्हे. ती एक जबाबदारी आहे, आणि जो ती जबाबदारी घेत नाही तो गावी परतलाच नाही. त्याने केवळ मुक्काम हलविला.

हे आमचे भावनेतून निघालेले मत आहे असे कोणास वाटेल, म्हणून आम्ही प्रथम कायद्याकडेच वळतो. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या विसाव्या कलमात एक साधे तत्त्व घालून दिलेले आहे. एखाद्या मतदारसंघात माणसाचे घर आहे किंवा घराचा ताबा त्याच्याकडे आहे, एवढ्याच कारणाने तो तेथील सामान्य रहिवासी मानला जात नाही. तेच कलम पुढे असेही सांगते की, काही काळ घराबाहेर गेल्यानेही माणसाचे वास्तव्य संपत नाही. म्हणजे कायद्याची दृष्टी दोन्ही बाजूंनी न्याय्य आहे. किल्ली खिशात असल्याने कोणी गावकरी होत नाही, आणि चार महिने मुलाकडे राहून आल्याने कोणी परका होत नाही. कायदा पाहतो ते एवढेच की, माणसाचे रोजचे जीवन कोठे रुजलेले आहे.

आता आमच्या या परतलेल्या गृहस्थांपैकी किती जणांनी आपले नाव गावच्या मतदारयादीत आणले आहे, हा प्रश्न आम्ही आमच्यापुरता विचारून पाहिला. जो जो कोणी दानपत्र, मृत्युपत्र किंवा वाटणीचा दस्त करावयास आमच्या कचेरीत आला, त्याला त्याला आम्ही सहज विचारले, ‘मतदान कोठे?’ उत्तर बहुधा एकच येई: ‘ते अजून मुंबईलाच आहे हो. करायचे आहे केव्हातरी.’ सहा-सहा, आठ-आठ वर्षे गावात राहिलेली ही माणसे. अर्ज भरण्याचे कष्ट म्हणावेत तर ते नगण्य आहेत. २०२२ पासून स्थलांतराच्या नोंदीसाठी आठ क्रमांकाचा एकच नमुना पुरतो. परंतु हेच गृहस्थ देवस्थानच्या महाजनांच्या यादीत आपल्या मुलाचे नाव घालण्यासाठी तीन पिढ्यांचे जन्मदाखले घेऊन आमच्याकडे धावत येतात! पालखीला खांदा देण्याचा मान पाहिजे. ग्रामसभेत उभे राहण्याचा अधिकार मात्र ‘केव्हातरी’.

वाचकांपैकी कोणी विचारील की, एका यादीतील नावाचे एवढे काय? एवढे सर्व काही त्या नावातच आहे. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने, जी २४ एप्रिल १९९३ रोजी अमलात आली, ग्रामसभेची व्याख्या केली ती मतदारयादीच्या आधारे. पंचायतीच्या हद्दीतील यादीत ज्यांची नावे आहेत त्यांची मिळून ग्रामसभा. ज्याचे नाव नाही, तो कितीही विद्वान असो, कितीही मोठ्या पदावरून निवृत्त झालेला असो, ग्रामसभेच्या दृष्टीने तो नाहीच. गोव्याचा पंचायत राज कायदा १९९४ चा. पंचायतीचे हिशेब, अंदाजपत्रक आणि कामांचे आराखडे ज्या सभेपुढे यावयाचे, त्या सभेत पस्तीस वर्षे बँकेचे हिशेब तपासलेला माणूस उपस्थित नसतो. तो त्याच वेळी वसरीत बसून, डोंगर कापला जात आहे म्हणून शेजाऱ्यापाशी हळहळत असतो.

डोंगर हळहळीने वाचत नाहीत. गोव्याचा २०११ सालचा प्रादेशिक आराखडा २००६ मध्ये जाहीर झाला आणि लोकांच्या चळवळीपुढे जानेवारी २००७ मध्ये सरकारला तो मागे घ्यावा लागला, ही गोष्ट फार जुनी नाही. नकाशे वाचता येणारी, सर्व्हे क्रमांक ताडून पाहता येणारी आणि सरकारी भाषेतले आडपडदे ओळखणारी माणसे लोकांबरोबर उभी राहिली, म्हणून ते घडले. निवृत्त अभियंता, निवृत्त शिक्षक, निवृत्त मामलेदार यांच्याजवळ गावाला देण्यासारखी जी शिदोरी आहे ती हीच. ती न सोडता तशीच बांधून ठेवण्यास ‘निवृत्ती’ हे नाव देणे म्हणजे शब्दाचा अपमान होय.

आता घराविषयी. ज्या घरात आरामखुर्ची मांडली गेली ते घर कोणाचे? आजोबांचे. आजोबा दिवंगत झाले त्यास पन्नास वर्षे झाली. त्यांस तीन मुलगे आणि दोन मुली. गोव्यात वारशाला जी पोर्तुगीज दिवाणी संहिता १८७० पासून लागू झाली, आणि वारशापुरती जिची जागा आता २०१२ च्या आमच्या वारसा व इन्व्हेंटरी कायद्याने घेतली आहे, तिच्या तत्त्वाप्रमाणे मुलगा-मुलगी हा भेद नाही. शिवाय विवाहाने पतिपत्नींची मिळकत सामान्यतः सामाईक होते, म्हणून सुना-जावयांच्या सह्याही लागतात. तेव्हा हिशेब केला तर त्या आरामखुर्चीखालच्या फरशीत वीस-पंचवीस माणसांचा वाटा निघतो. त्यांतील एक बेळगावास, एक लिस्बनला, एक कोठे आहे याचा पत्ताच नाही. आणि वाटणी झालेली नाही.

ती का झालेली नाही असे विचारले की, एक ठरलेले उत्तर मिळते: ‘आमच्यात प्रेम आहे; भावांमध्ये कोर्ट कशाला?’ हे वाक्य आम्ही इतक्या वेळा ऐकले आहे की, ते उच्चारणाऱ्याच्या घरात दहा वर्षांनी दावा उभा राहणार हे आम्ही डोळे मिटून सांगू शकतो. वाटणी न करणे हे प्रेमाचे लक्षण नसून आळसाचे लक्षण आहे, आणि पुष्कळदा त्या आळसाखाली लोभ दडलेला असतो. जो घरात राहतो त्याला वाटते, दिवस जात राहिले की हक्क आपोआप आपल्याकडे झुकेल. जो दूर आहे त्याला वाटते, हा आपले घर गिळीत आहे. कायद्याने कोणाही सहहिस्सेदाराला कायमचे अविभक्त राहण्याची सक्ती करता येत नाही. तो केव्हाही वाटणी मागू शकतो. सर्व वारस सज्ञान व एकमताचे असतील तर दस्त करून ती घरच्या घरी होते. नसतील तर इन्व्हेंटरीचा मार्ग आहे. तीत वारसांची यादी होते, मिळकतीची यादी होते, हिस्से ठरतात आणि घर तोडण्याजोगे नसेल तर वारसांतच बोली होऊन ते एकाकडे जाते व इतरांस त्यांचे पैसे मिळतात. २०१९ च्या सप्टेंबरात तर सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, गोव्यात अधिवास असलेल्याची मिळकत देशात कोठेही असली तरी तिच्या वारशाला गोव्याचाच कायदा लागू होतो. म्हणजे मुंबईच्या सदनिकेचाही प्रश्न त्यातच येऊ शकतो. आणि बहिणीचा हिस्सा ‘माहेरची ओटी’ देऊन मिटवण्याची जी आपल्या घरांतील गोड रीत आहे, तिला कायद्यात कोठेही जागा नाही. केंद्राच्या कायद्याने एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला मुलाइतका जन्मसिद्ध हक्क २००५ साली दिला. गोव्यातील बहिणीला आपल्या हिश्श्यासाठी त्या दुरुस्तीची वाट पाहावी लागलेली नाही. ज्या भावाने तिचे मत न विचारता माडीवर नवे स्नानगृह बांधले, त्याने आपल्या निवृत्तीची सुरुवात दुसऱ्याच्या जागेवर केली.

येथे आम्हांला आमच्याच घरची गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर हा सारा उपदेश पोकळ ठरेल. अंत्रुज महालात आमच्या पणजोबांचे राजांगणाचे घर होते. चार शाखा, चारही चार गावांस. आमचे वडील शिक्षकाची नोकरी संपवून तेथे राहावयास गेले, तोही असाच कार्तिकाचा महिना होता. पश्चिमेकडच्या खणाचे वासे वाळवीने पोखरले आहेत, हे त्यांनी पहिल्याच आठवड्यात पाहिले. दुरुस्तीसाठी सर्वांची संमती पाहिजे आणि खर्च वाटून घेतला पाहिजे, म्हणून त्यांनी पत्रे लिहिली. एका शाखेने उत्तर दिले, ‘आधी वाटणी करा.’ दुसरीने लिहिले, ‘वाटणी कशाला, घर सर्वांचेच आहे.’ तिसरीने उत्तरच दिले नाही. आम्ही वकील, इन्व्हेंटरीचा अर्ज लिहिण्यास आम्हांस एक सकाळ पुरली असती. इतरांचे असे अर्ज आम्ही रोज लिहीत होतो. पण काका रागावतील, आत्याला वाईट वाटेल, वडिलांच्या हयातीत नको, असे म्हणत आम्ही तो लिहिला नाही. २०१९ च्या पावसाळ्यात एका रात्री तो खण कोसळला. सुदैवाने त्या बाजूस कोणी झोपलेले नव्हते. सकाळी वडील राजांगणात उभे राहून चिखलात पडलेली कौले एकेक उचलून, न फुटलेली वेगळी रचीत होते. ते आम्हांस काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरे झाले असते.

म्हणून आम्ही हे म्हणतो की, घरी परतणाऱ्याने पहिली वस्तू आणावयाची ती आरामखुर्ची नव्हे. वारसांची यादी होय.

आणखी एका माणसाची आठवण आम्हांस येथे करून द्यावयाची आहे, कारण निवृत्तीच्या या गोड चित्रांतून तो नेहमी गळतो. तुम्ही पस्तीस वर्षे बाहेर होतात, त्या पस्तीस पावसाळ्यांत तुमच्या घराच्या पाठीमागे कोण राहत होते? मुंडकार. पडवीत शिरलेले पाणी त्याने काढले, सरकलेली कौले त्याने बसविली, तुळशीपाशी दिवा त्याच्या बायकोने लावला. १९७५ च्या मुंडकार कायद्याने त्याला बेदखलीपासून संरक्षण दिले आणि राहत्या घराची जागा विकत घेण्याचा हक्कही दिला. आता भाटकार परत येतो. त्याला कुंपण घालावयाचे असते, मोटार आत आणावयाची असते. आणि जो माणूस काल ‘आमचा घरचाच’ होता तो आज ‘अतिक्रमण’ ठरतो. आमच्याकडे अशा सल्ल्यासाठी आलेल्या एका सद्‌गृहस्थास आम्ही विचारले, ‘तुमचे गावातील सर्वांत जवळचे शेजारी कोण?’ ते बराच वेळ थांबले आणि म्हणाले, ‘तोच.’ ते प्रकरण आम्ही घेतले नाही. गृहस्थ दुसऱ्या वकिलाकडे गेले असतील. पण आम्हांस असे वाटते की, ते त्या उत्तराशी पुष्कळ दिवस झगडले असतील.

आता आक्षेप. पहिला असा की, जन्मभर राबलेल्या माणसास विश्रांतीचा हक्क नाही काय? आपल्या शास्त्रकारांनीच वानप्रस्थाश्रम सांगितलेला नाही काय? अवश्य सांगितला आहे. पण ज्यांनी सांगितला त्यांनी वनात जावयास सांगितले, वाडवडिलांच्या घरात नव्हे. वानप्रस्थ घर मुलाच्या हाती सोपवून निघे. आपला वानप्रस्थ शहरातील घर स्वतःकडे ठेवून गावाकडचे आणखी एक घर उघडतो. वन आणि गाव यांत भेद आहे. वनाला आपल्याकडून काही नको असते, गावाला असते. तेथे माणसे राहतात. त्यांच्या मुलांची शाळा पटसंख्येअभावी बंद पडते, त्यांची शेते पडीक राहतात, त्यांच्या विहिरींत खारे पाणी शिरते. या सर्वांमध्ये राहून ‘आम्हांला शांतता हवी’ असे म्हणणे म्हणजे दवाखान्यात जाऊन रुग्णांच्या कण्हण्याबद्दल तक्रार करणे होय. शरीर थकले असेल तर विश्रांती घ्यावी, कोण नाही म्हणतो? परंतु मताला, सहीला आणि ग्रामसभेतील दोन तासांना शरीराचे बळ फारसे लागत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: ‘गावालाच आम्ही नको असतो. आम्ही बोललो की लोक म्हणतात, मुंबयकार शाणपण शिकयतात.’ हे खरे आहे, आणि त्यास लोकांचे कारणही आहे. ज्याने तीस वर्षे केवळ जत्रेला येऊन, पहिल्या रांगेत बसून नाटक पाहिले आणि सकाळी परतीची गाडी धरली, त्याच्यावर गावाने एकाएकी विश्वास का ठेवावा? विश्वास भाषणाने येत नाही. तो कामात हात घातल्याने येतो. आणि भाषेनेही येतो. ग्रामसभेत कोंकणीत वाद चाललेला असता उठून इंग्रजीत सूचना मांडणाऱ्यास आम्ही पाहिले आहे. ज्या गावात रात्री मराठीत कीर्तन ऐकावयाचे आणि सकाळी कोंकणीत पाण्याची पाळी ठरवावयाची, तेथे राहावयाचे असेल तर दोन्हींत बसता आले पाहिजे.

पाण्याच्या पाळीचा उल्लेख आला म्हणून, ज्या दृश्यावरून हा लेख लिहावयास आम्ही बसलो ते सांगतो. कुळागराला पावसाळा संपला की शिंपणे सुरू करावे लागते. त्यासाठी आमच्या गावात कार्तिक-मार्गशीर्षात ओहोळावर मातीदगडांचा बांध घालतात; पाणी चढते, पाटात वळते आणि पाळीपाळीने प्रत्येकाच्या पोफळींपर्यंत पोचते. घरटी एक माणूस यावा असा जुना संकेत. पूर्वी चाळीस माणसे येत. यंदा आम्ही गेलो तेव्हा अकरा होती, त्यांतली चार साठीच्या पुढची, जन्मभर येथेच राबलेली. नव्याने परतलेल्या पाच घरांतून एकही आले नाही. मात्र तीन घरांनी मजुरीचे पैसे पाठविले होते आणि दोघांनी बोअर मारली असल्यामुळे आपला संबंध नाही असे कळविले होते. एका वृद्ध बागायतदाराने त्या नोटा मोजल्या, कनवटीला लावल्या आणि म्हणाला, ‘हे दुडू बांदांत घालपाक जायनात रे पुता.’

त्या माणसाला आमच्या या लेखातील एकही कलम ठाऊक नाही. पण सर्व लेखाचा अर्थ त्याला ठाऊक आहे. बांध पैशाने बांधला जाईल, मजूर मिळतील तोपर्यंत. पण बांध घालताना पाळी ठरते, जुने तंटे निघतात व मिटतात, कोणाच्या घरी कोण आजारी आहे हे कळते, कोणाची जमीन कोण विचारून गेला हेही कळते. ज्या दिवशी चाळीस घरांचे पैसे येतील आणि माणूस एकही येणार नाही, त्या दिवशी ओहोळावर बांध असेल, पण गाव नसेल. आणि मग ती जमीन विकत घेणाऱ्यास अडविणारे कोणी उरणार नाही. तो विकत घेणारा आमच्या कचेरीत येऊन गेला आहे. त्याची पहिली चौकशी नेहमी एकच असते: ‘या गावात ग्रामसभेला किती लोक येतात?’

तेव्हा यंदाच्या थंडीत जे कोणी घर उघडणार असतील त्यांस आमची विनंती आहे: वारसांस पत्रे घाला, बहिणीला प्रथम, मुंडकाराच्या कागदावर सही करा, नाव यादीत आणा, बांधाच्या दिवशी निदान काठावर येऊन उभे राहा. मग वसरीत आरामखुर्ची अवश्य मांडा. तिच्यावर बसण्याचा तुमचा अधिकार कोणीही नाकारणार नाही.

आणि ‘तुमचे स्वतःचे काय?’ असे जो कोणी विचारील त्याला आमचे उत्तर तयार आहे. फार अभिमानाचे नाही, उशिराचे आहे. इन्व्हेंटरीचा अर्ज आम्ही गेल्या चैत्रात दाखल केला. काका रागावले. आत्याने मात्र कळविले की, तिला तिच्या हिश्श्याचे पैसे नकोत, तिला उभा असलेला खण हवा आहे. सुट्टीत नातवंडांना घेऊन येईल. कोसळलेल्या बाजूची न फुटलेली कौले वडिलांनी रचली होती तशीच आहेत. ती मोजून पाहिली. निम्म्या छपराला पुरतील.